तुझ्या नावापुढचा आकडा

रविवार, तुझ्या तेराव्यानंतरचा पहिला. सकाळचे साडेदहा, तुझ्याच घड्याळाप्रमाणे. सभागृहाच्या खिडकीतून ते दिसतं. हजर : क्लबचे बावीस सभासद, सुमनवहिनी, त्यांची धाकटी बहीण आणि मागे दाराशी उभे असलेले बारामतीचे हबीबभाई. विषय : तुला श्रद्धांजली. जाहीर झालेली रक्कम : दोन लाख सहा हजार रुपये. हातात आलेली रक्कम : काही नाही.

होय दिनकर, तुझ्या शोकसभेतही लोकांनी देणग्या जाहीर केल्या. तुझ्यानंतर आता बापूसाहेब अध्यक्ष आहेत. तुझ्या फोटोला हार घालून ते माइकवर गेले आणि म्हणाले, "चौकातल्या घड्याळाला दिनकररावांचं नाव द्यायचं. नवी पाटी, नवं लायटिंग. माझ्यातर्फे एक्कावन्न हजार." दोघातिघांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग प्रसंग आठवून हात खाली घेतले. पण सुरुवात झाली होती. कुणी अकरा हजार म्हणालं, कुणी पाच. हे सगळे तुझ्याच हाताखाली शिकलेले. मी मागच्या रांगेत पावतीपुस्तक मांडीवर घेऊन बसलो होतो. ते उघडलं नाही.

त्या दिवशी मला तुझ्याविषयी चार शब्द बोलायला सांगितलं होतं. मी जे बोललो ते चार शब्दांत मोडत नाही. तुला ते कळायला हवं, म्हणून लिहितो.

घड्याळ हवं कशाला, हे मी तुला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. तू म्हणालास, "फोन ज्याचा त्याच्या खिशात. आपल्याला ल्हानपणी कुणाच्या खिशातलं घड्याळ दिसलं हुतं का?" आपण दोघं कळसहून एसटीने इंदापूरच्या शाळेत यायचो. परतीची गाडी सुटली की सुटायची आहे, हे सांगणारं एकच घड्याळ होतं, स्टँडासमोरच्या चहावाल्याचं, आणि ते त्याने मुद्दाम आतल्या भिंतीला टांगलं होतं. "च्या घ्या, मग टाइम सांगतो." दहावीच्या भूमितीच्या पेपराला, किती वाजले ते न कळल्याने, आपण पंचवीस मिनिटं उशिरा पोचलो. तू माझ्यापुढे पळत होतास आणि धापा टाकत ओरडत होतास, "ह्या चौकात येवढं मोठं घड्याळ लावीन, की ह्याच्या दुकानात बसून लोकं बाहेर बघत्याल!"

ते तू लावलंस. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं कडू आहे.

तुझं पाइपांचं दुकान आणि तुझा स्वभाव यांत मला कधी फरक दिसला नाही. ठिबकच्या नळ्या, स्प्रिंक्लर, पीव्हीसी पाइप, सगळा माल शब्दावर. शेतकरी न्यायचा आणि म्हणायचा, बिल आलं की देतो. कारखान्याचं ऊसबिल आलं की खरंच बरेच जण द्यायचे. जे द्यायचे नाहीत त्यांना तू पुढच्या वर्षी पुन्हा माल द्यायचास. मी लोणी देवकरच्या कंपनीत स्टोअर सांभाळतो. तिथे एक वॉशरसुद्धा सहीशिवाय बाहेर जात नाही. आपण दोघं चाळीस वर्षं मित्र कसे राहिलो, हे आपल्या बायकांना कधी समजलं नाही.

पण राहिलो, त्याला कारण होतं. माझं घर बांधलं तेव्हा कर्जाचे पैसे स्लॅबलाच संपले होते. तू टेम्पो भरून पाइप, नळ, टाकी असं अडतीस हजारांचं सामान दारात उतरवलंस आणि चिठ्ठीही दिली नाहीस. मी चौदा हप्त्यांत फेडलं. दर वेळी पावती मागायचो आणि तू वैतागून सिगरेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर "मिळाले" लिहून द्यायचास. ते चौदाही पुठ्ठे माझ्याकडे आहेत. कितवा हप्ता आहे हे तुला एकदाही सांगता आलं नाही.

याच पद्धतीने तू घड्याळाचे पैसे उभे करायला निघालास. वार्षिक सभेत माइक हातात घेतलास आणि लोकांच्या वतीने तूच बोलत सुटलास. "आपले बापूसाहेब, एकवीस हजार!" टाळ्या.

मी खजिनदार म्हणून शेजारी बसलो होतो. कानाशी येऊन म्हणालो, "त्यास्नी इचारलंस का?"

"मान हलली की. बघितली न्हाईस?"

"टाळ्या वाजल्यावर हलली."

"हलली न्हवं? मग झालं. मुनीम हायस तू, मुनीमच ऱ्हाणार."

स्वतःचं नाव तू बापूसाहेबांच्याही आधी, पहिलं घेतलं होतंस, एक्कावन्न हजार. अर्ध्या तासात एकतीस नावं आणि तीन लाख शहाऐंशी हजार रुपये झाले. खर्चाचा अंदाज होता तीन लाख चौऱ्याऐंशी हजार : खांब आणि चौथरा एक लाख नव्वद, चार तोंडांचं घड्याळ एक लाख ऐंशी, देणगीदारांच्या नावांचा दगड चौदा. तू माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालास, "दोन हजार वर उरतायत. त्यात तुला च्या."

मी सगळ्यांना सांगितलं होतं : आधी पावती, मग दगड. ज्याचे पैसे आले त्याचंच नाव कोरायचं. तू हसलास. आठ दिवसांनी कंपनीतून येताना बघतो, तर चौकात काळा ग्रॅनाइट उभा. एकतीस नावं, सोनेरी रंगात, प्रत्येकापुढे रक्कम. पावत्या तोवर सहाच फाटल्या होत्या; त्यात माझी पाच हजारांची.

"लेका, नाव दगडावर गेलं की माणूस लाजंनं देतो," तू म्हणालास. "बाजारात येता-जाता बायकामुलं वाचत्यात. न देऊन सांगतो कुणाला?"

चूक इथे झाली दिनकर. उधारीच्या धंद्यात वाढलेल्या माणसाकडूनच होईल अशी. माल आधी द्यायचा, पैसे मागून, हीच तुझी सवय. आणि इथे माल म्हणजे ते नाव होतं. नाव मिळाल्यावर द्यायचं राहिलं काय? लोक कुटुंबासह आले, दगडाशेजारी उभं राहून फोटो काढले. अकरा जणांनी एक रुपया दिला नाही. वसुलीला तू गेला नाहीस, मी गेलो. "दगडावर नाव हाय की आमचं, मग पैशे कसे ऱ्हातील?" असं मला एका दारात ऐकवलं गेलं. मी पावतीपुस्तक दाखवलं. तो म्हणाला, "तुमच्या पुस्तकात चूक आसंल. दगुड खोटा आसतोय का?"

एकूण आले दोन लाख चौऱ्याहत्तर हजार. खांबाच्या ठेकेदाराने आपले पूर्ण घेतले. त्याला नाही म्हणायची गावात कुणाची टाप नव्हती. दगडवाल्याने रोख घेतल्याशिवाय दगड उतरवलाच नव्हता. राहिले सत्तर हजार, ते हबीबभाईंना. त्यांची बाकी राहिली एक लाख दहा हजार.

हबीबभाईंची आणि माझी ओळख तूच करून दिलीस. बारामतीत गल्लीच्या तोंडाशी त्यांचं हातभर रुंदीचं दुकान. मनगटी घड्याळं दुरुस्त करत करत हा माणूस शाळांची, मशिदींची, बाजार समित्यांची मोठी घड्याळं बनवायला शिकला. आपल्या घड्याळाच्या चार मोटारी त्यांनी स्वतःच्या पैशाने आणल्या. तू त्यांनाही तेच सांगितलं होतंस, ऊसबिल आलं की. एक हंगाम गेला. ते दर पंधरवड्याला एसटीने इंदापूरला येत राहिले. वीज गेली की चार तोंडं चार वेळा दाखवायची. ते खांबाच्या आतल्या शिडीने वर चढायचे, चौघांना एका वेळेवर आणायचे आणि स्टँडवरून परत जायचे. मी एकदा तिकिटाचे पैसे पुढे केले. ते म्हणाले, "राहू द्या साहेब. बाकीचे येतील तेव्हा येतील. पण घड्याळ चुकीचं चाललं तर नाव तुमच्या क्लबचं नाही, माझं जाईल."

यानंतर मी बारामतीला गेलो की त्या गल्लीतून जायचं टाळायला लागलो. तू मात्र जायचास, तिथे बसून चहा प्यायचास, त्यांना हसवून यायचास. हे मला कधीच जमलं नाही, आणि याचा मला राग यायचा. अजून येतो.

आता ती सभा. तुझी आणि माझी शेवटची.

क्लबकडे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी वेगळी ठेवलेली रक्कम आहे. दरवर्षी थंडीत म्हाताऱ्या माणसांना त्यातून दृष्टी मिळते. तू विषय मांडलास की त्यातून एक लाख दहा हजार तीन महिन्यांसाठी काढावेत आणि हबीबभाईंना मोकळं करावं. मी म्हणालो, नाही. तू म्हणालास, "बिलं आली की परत भरू."

"कुणाची बिलं? त्या अकरांची मागच्या वर्षीबी आली हुती."

"त्या माणसाला किती दिवस लटकवायचा आपण? तुला काय, तुझी वही बरोबर आली की झोप लागती."

तू हे सगळ्यांसमोर म्हणालास. आणि मी, जो कधी आवाज चढवत नाही, तो उभा राहिलो. "दगडावर पहिलं नाव कुणाचं हाय?" मी विचारलं. "पहिले पैसे त्यानं भरावं. एक्कावन्न हजार. मग दुसऱ्याच्या डोळ्यांच्या पैशाला हात घालावा."

होय, तूही दिले नव्हतेस. बाकीच्या अकरांसारखेच, तू धरून बारा. हे आपल्या दोघांनाच माहीत होतं. दुकानाची उधारी अडकली होती, तुझ्याकडे तेव्हा खरंच नव्हते, हेही मला माहीत होतं. खोलीतल्या कुणाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ते मी उघडं केलं.

तू चिडशील असं वाटलं होतं. काहीतरी टोमणा मारशील, मुनीम म्हणशील. तू चपला पायात घातल्यास आणि म्हणालास, "बराबर हाय तुझं." चाळीस वर्षांत माझं बरोबर आहे असं तू पहिल्यांदा म्हणालास. क्लबच्या पायऱ्या परत चढला नाहीस.

सात महिने. दोन गल्ल्यांचं अंतर. मी रोज कंपनीच्या बसला जाताना तुझ्या दुकानावरून जायचो. तू पाइपांची मापं घेत पाठमोरा असायचास. मुद्दाम पाठमोरा असायचास की तुझं कामच तसं होतं, हे मला आता कोण सांगणार? माफी मागायची तर कशाची, हाच माझा प्रश्न होता. मी खोटं एक अक्षर बोललो नव्हतो. आकडा बरोबर होता, नियम बरोबर होता. आजही म्हणतो की डोळ्यांचे पैसे द्यायचे नव्हतेच. पण आणखी एक गोष्ट आहे, ती आता लिहितो. त्या सभेच्या दिवशी माझ्या कपाटात सत्तर हजारांच्या ठेवीची पावती होती. मुदत भरत आलेली. मुलीची फी भरून झाली होती, घरात दुसरी नड नव्हती. सभेतून घरी येताना ती मला आठवली. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत मी तिचा विचार केला आणि कोपऱ्यावर विचार संपवला. तू अडतीस हजारांचं सामान उतरवताना कुठल्या कोपऱ्यावर थांबला होतास?

मग तुझ्या दुकानातून कंपनीत फोन आला. मी पोचलो तेव्हा तुला उचलून नेलं होतं. काउंटरवर स्प्रिंक्लरचे नोझल अर्धे मोजून ठेवलेले होते, दहा-दहाच्या ढिगांनी. शेवटच्या ढिगात सहा होते. स्मशानात हबीबभाई आले होते. सगळे पांगल्यावर ते चौकात गेले आणि खांबात शिरले. मला म्हणाले, "आलोच आहे तर बघून जातो. पश्चिमेचं तोंड चार मिनिटं मागं होतं."

आता शोकसभा. नव्या पाटीच्या, नव्या लायटिंगच्या घोषणा ऐकताना मी मागे वळून बघितलं. हबीबभाई दाराला टेकून, टोपी हातात घेऊन ऐकत होते. मी उठलो, माइकवर गेलो आणि म्हणालो की ज्या घड्याळाला आपण नाव द्यायला निघालो आहोत ते अजून आपलं नाही. एक लाख दहा हजार बाकी आहे आणि ज्यांची बाकी आहे ते दारात उभे आहेत. कुणाची किती राहिली ते वाचतो.

यादी दगडाच्याच क्रमाने होती. पहिली ओळ तुझी.

मी दुसऱ्या ओळीपासून सुरुवात केली. तीस वर्षं स्टोअरच्या याद्या वाचतोय, एक ओळ कधी गाळली नाही. त्या दिवशी गाळली. बापूसाहेबांचे एकवीस हजार आणि त्यांच्यापुढचे दहा जण, एकूण एकसष्ट हजार. बापूसाहेब म्हणाले, "अहो, ही येळ हाय का ह्याची?" मी खिडकीतून बघून त्यांना वेळ सांगितली.

माझी बायको घरी आल्यावर म्हणाली, "आता तुमच्याशी कोण बोलत न्हाय गावात." खरं आहे. पण महिन्याभरात दहा जणांचे चाळीस हजार आले. कुणी फोनवरून पाठवले, कुणी पाकीट दारातून सरकवलं. एकाने पावतीही नको म्हटली. मी घरी नेऊन दिली.

दुसऱ्याच दिवशी सुमनवहिनी आल्या होत्या. बसल्या नाहीत. "भावजी, काल तुमी पहिलं नाव वाचलं न्हाई."

मी खुर्ची पुढे ओढली.

"तुमी कधी काही विसरत न्हाई. ह्यांचे ऱ्हायलेत न्हवं? किती?"

मी आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं आज न्हाईत. दुकानाची येणी येत्याल का बुडत्याल, मला ठावं न्हाई. नाव काढा त्यांचं तिथनं. न दिलेल्या पैशाखाली त्यांचं नाव रोज कशाला वाचायचं मी?"

मी दोन दिवस विचार केला आणि त्यांच्याकडे गेलो. म्हणालो, नाव खोटं नाही, आकडा खोटा आहे. नाव राहू दे, आकडा बुजवू. त्या म्हणाल्या, "व्हय. मग खरं हुईल."

दगडाला हात लावायचा तर अध्यक्षांची परवानगी लागते. मी महिन्यानंतर, यादी जवळजवळ संपल्यावर, बापूसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "दगुड असा बिघडवायचा न्हाई. शोभा जाती."

"नियम करून घेऊ," मी म्हणालो. "ज्याचे पैसे न्हाईत त्याचा आकडा बुजवायचा. आता दोघंच उरलेत. दगडवाला गुरुवारी येतोय, दोन्हीचं एकदम केलं तर कमी घेईल."

संध्याकाळच्या आत एकवीस हजार जमा झाले. परवानगीही आली. तुझा हिशेब खोटा नव्हता दिनकर, उलटा होता. कोरलेल्या नावाने लाज आली नाही. बुजणाऱ्या आकड्याने आली. हे तुला सांगायला तू हवा होतास. किती हसला असतास, आणि नंतर गावभर सांगितलं असतंस की कल्पना तुझीच होती.

गुरुवारी मी रजा काढून दगडाजवळ उभा राहिलो. कारागिराने आकड्यांतला सोनेरी रंग खरवडला, काळं मिश्रण भरलं, वाळू दिलं, घासलं. त्याने विचारलं, "नावापुढची रेघबी बुजवू का?" मी म्हणालो, बुजव. आता पहिल्या ओळीत फक्त तुझं नाव आहे. जवळून तिरप्या उन्हात बघितलं तर पाच आकडे अजून कळतात. लांबून नाही.

दगडावरची बेरीज आता तीन लाख पस्तीस हजार होते. खर्च तीन लाख चौऱ्याऐंशी हजार. एकोणपन्नास हजारांचा फरक दगडावर कायम राहणार. मी ती ठेव काढली. पावती माझ्या नावाने फाडली, तुझ्या नाही. तुझ्या नावाने फाडली असती तर ती खोटी झाली असती, आणि एवढं मी तुझ्यासाठीही करणार नाही. वहिनींना सांगितलं की ही माझी देणगी आहे, तुमचं देणं नाही. माझ्या नावापुढे दगडावर पाच हजार आहेत, ते तसेच राहतील.

पैसे घेऊन त्या गल्लीत शिरलो. हबीबभाईंनी नोटा मोजल्या नाहीत. मी मोजायला लावल्या. मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं, "दिनकररावांचे यात किती?" मी म्हणालो, काही नाही. त्यांनी मान डोलावली आणि चहा सांगितला, दोन. मग आठवून म्हणाले, "ते तीन सांगायचे. एक माझ्यासाठी, दोन स्वतःसाठी." मी चहा संपवून उठलो.

शेवटी दिलेले : हबीबभाई, बारामती, बाकी एक लाख दहा हजार, पूर्ण. नव्या पाटीचे जाहीर झालेले दोन लाख सहा हजार : आले नाहीत, मी मागितले नाहीत. दगडवाला, आकडा बुजवण्याचे : सहाशे रुपये, रोख. हे सहाशे मी कुठल्याच वहीत लिहिलेले नाहीत.